पाचशेच्या स्टॅम्पपेपरने नोकरीचा करार पक्का होत नाही

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज कराराच्या नमुन्यासकट फिरतोय: "५०० च्या स्टॅम्पवर सही घ्या, नोटरी करा. माणूस दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही, मध्येच सोडलं तर तीन लाख भरेल, ओव्हरटाइम मागणार नाही. लिहून दिलंय म्हटल्यावर कोर्टात त्याचं काही चालत नाही."

आधी स्टॅम्प. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० रुपये लागतात, एवढं खरं. पण मुद्रांक म्हणजे सरकारचा महसूल. तो कमी भरला तर करार पुराव्यात घेताना अडतो आणि फरक व दंड भरला की सुटतो. पूर्ण भरला म्हणून बेकायदा अट कायदेशीर होत नाही. नोटरीच्या शिक्क्यानेही नाही.

दोन वर्षांची बंदी हा या नमुन्याचा सगळ्यात पोकळ भाग. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. इथे लोक गोलिकरी खटला (१९६७) पुढे करतात. त्यात कल्याणच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर टायर कॉर्डचं (टायरला बळकटी देणाऱ्या धाग्याचं) तंत्र शिकून, करारातली पाच वर्षांची मुदत संपण्याआधीच राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धकाकडे गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला रोखलं, पण ते उरलेल्या मुदतीपुरतं. नोकरी संपल्यानंतरची बंदी हा वेगळा विषय, आणि "फक्त दोनच वर्षं" हा बचाव तिथे टिकत नाही. ग्राहकांची यादी, ड्रॉइंग, दरपत्रकं जपायची असतील तर गोपनीयतेचं कलम नीट लिहा. ते नोकरीनंतरही लागू ठेवता येतं. (मी पाहिलेल्या नमुन्यात पुण्यातल्या नोकरीला अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा लावला होता. कुठून उचललाय ते कळलंच.)

बाँडचा, म्हणजे मध्येच सोडलं तर पैसे भरण्याचा, दावा अर्धा खरा. विजया बँकेच्या खटल्यात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलचे दोन लाख मान्य केले. मात्र ती सरकारी बँक होती, आणि खुल्या भरतीचा खर्च व वेळ न्यायालयाने विचारात घेतला. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आठवडाभर मशीन दाखवलं आणि तीन लाख लिहिले, तर "खर्च दाखवा" हा प्रश्न येणारच.

ओव्हरटाइमवर पाणी सोडल्याचं लिहून घेणं तर निव्वळ कागद वाया घालवणं. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे तिथे आठवड्याला ४८ तास, त्यावर दुप्पट दर आणि वर्षाला ८ किरकोळ रजा कराराने कमी करता येत नाहीत, वाढवता येतात.

यावर "मग पदनाम मॅनेजर टाका, म्हणजे ओव्हरटाइमचा नियमच लागणार नाही" अशी मखलाशी ग्रुपवर आलीच. वाद झाला की पदनाम बाजूला राहतं आणि माणूस रोज काय काम करत होता ते पाहिलं जातं. काउंटरवर बिलं फाडणारा मॅनेजर तिथे फार वेळ मॅनेजर राहत नाही.