दाजी, एक सांगा

आमच्या मेहुण्याला जनरल नॉलेज झालंय. म्हणजे लोकांना बीपी होतं, शुगर होते, तसं. माणूस कराडचा, हळदीच्या व्यापारात, त्यामुळं सौद्याला सांगलीच्या मार्केट यार्डात आला की मुक्काम आमच्याकडं विश्रामबागला. माणूस म्हणून लाखात एक, कधी रिकाम्या हातानं येत नाही, पण जेवायला बसलं आणि मी भाकरीचा पहिला तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला की हा हातातली वाटी खाली ठेवतो, मिशी पुसतो, एकदा वर पंख्याकडं बघतो आणि म्हणतो, "दाजी, एक सांगा."

यात गोम अशी आहे की त्याला उत्तर नकोच असतंय. येत नाही म्हणालो तर आमटी गार होईस्तोवर क्लास. आणि येत असलं तर त्याहून वाईट. मागं विचारलंन, "ज्ञानपीठ मिळवणारा पहिला मराठी लेखक?" मी म्हणालो, "वि. स. खांडेकर, आणि ते जन्माला सांगलीतच आले." झालं, चेहरा पडला. "बरोबर. कितीचं?" "१९७४." "कुठल्या कादंबरीला?" "ययाति." "ती आली कितीत?" "१९५९." "हं... आणि त्यांच्यानंतर दुसरं मराठीला कधी?" म्हणजे मी अडकेपर्यंत प्रश्नाचं शेपूट वाढतच जाणार, आणि अडकलो की "कुसुमाग्रज, १९८७!" असं म्हणून हा शांतपणे भाताकडं वळणार. सुटका दोन्हीकडून नाही.

त्यात आमचं घर म्हणजे सातारा-सांगली सीमावाद. मी सांगलीचा, बायको कराडची. कुठल्याही थोर माणसाचं नाव निघालं की तो कुणाच्या हद्दीत यावर पंचनामा. यशवंतराव चव्हाण? तो म्हणणार आमच्या कराडचे. मी म्हणणार, अरे जन्म देवराष्ट्रेचा, ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. क्रांतिसिंह नाना पाटील? प्रतिसरकार साताऱ्याचं म्हणून प्रसिद्ध, पण येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यात, म्हणजे आमच्यात. यावर त्याचा हुकमाचा एक्का असा की १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा खालच्या तुकड्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली जिल्हा हे नाव पडलं १९६० ला, "म्हणजे दाजी, तुम्ही मूळचे दक्षिण सातारचे!" मी सांगतो की बाबा, सांगली शहर पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं, तुमच्या साताऱ्यात ते कधी नव्हतंच. मग तो आवाज खाली आणून नुसतं म्हणतो, "खाशाबा." गोळेश्वर, कराडच्या बुडाशी. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यावर सांगलीकरानं काय बोलायचं? मी विष्णुदास भावे काढले, सीतास्वयंवर, १८४३, मराठी नाटक जन्मलं ते सांगलीत. तर म्हणाला, "त्यांना कल्पना कुणावरनं सुचली? कर्नाटकातली भागवत मंडळी इथं खेळ करून गेली होती ती बघून." घ्या! साताऱ्याला मिळत नसलं तर हा श्रेय सरळ कर्नाटकला देऊन मोकळा. आणि पंच कोण, तर त्याची ताई, तिनं तोवर त्याच्याच पानात तूप वाढलेलं असतंय.

पण कहर झाला तो गेल्या पावसाळ्यात. अंगणात शेवाळावरनं पाय घसरला, हातावर पडलो, मिरजेला नेलं, प्लास्टर घातलं. ठणका असा की डोळ्यात पाणी. दुसऱ्या दिवशी मेहुणा हजर, हातात सफरचंदं, डोळ्यात काळजी, खरीच काळजी, खोटं नाही सांगत. कॉटवर बसला, प्लास्टरवरनं हळूच हात फिरवला आणि म्हणाला, "दाजी, मनगटात हाडं किती?"

मी डोळे मिटून घेतले. "आठ," त्यानंच सांगितलं, "पंजा धरून एका हातात सत्तावीस, एका पायात सव्वीस, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी १०६ नुसत्या हातापायाच्या पंजात, निम्म्याहून जास्त, बघा!" शेजारच्या कॉटवरच्या आजोबांचा मुलगा लगेच सरसावला, तान्ह्या बाळाला तर तीनशेच्या आसपास असतात म्हणे. "असतात की, पुढं जुळत जातात," आमचा खूश. सगळ्यात लहान हाड कुठलं, कानातली रिकीब, असं करत अख्खा वॉर्ड खेळायला लागला, सिस्टर सलाईन बदलता बदलता मांडीचं हाड सगळ्यात लांब म्हणून सांगून गेली. तेवढ्यात डॉक्टर आले. यानं विचारलंच, "त्या आठातलं कुठलं मोडलं?" डॉक्टर म्हणाले, त्यातलं एकही नाही, कोपराकडनं येणाऱ्या रेडिअसचं खालचं टोक मोडलंय, हातावर पडलं की बहुतेक तेच जातं. मेहुण्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच त्याला फसवलं. "म्हणजे मनगटाचं मोडलंच नाही की!"

याला उतारा सापडला तो आमच्या लेकीला. परवा मामानं प्रश्न टाकायच्या आधी तिनंच विचारलं, "मामा, आपला राष्ट्रीय खेळ?" मामा हसला, "हॉकी, हे काय विचारणं झालं?" तर ती म्हणाली की कुठलाच नाही, २०१२ साली एका शाळकरी मुलीनं माहिती अधिकारात विचारलं होतं, सरकारनं लेखी कळवलं, कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. मामानं मोबाईल काढला. चष्मा लावला. बराच वेळ वर-खाली केलं. मग मोबाईल पालथा ठेवला आणि भात मागून घेतला. कितीतरी महिन्यांनी आम्ही गरम आमटी जेवलो, आणि बायको मात्र लेकीवर चिडली, पाहुण्या माणसाला असं तोंडावर पाडतात होय म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. सगळ्या वाटेत गप्प. मलाच कसंतरी वाटायला लागलं, म्हणून कराड गाडीत बसल्यावर खिडकीशी जाऊन मीच म्हणालो, "काय रे, गांधर्व महाविद्यालय पलुस्करांनी कुठं काढलं?" त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "लाहोर, १९०१! पण गाणं शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवांकडं. दाजी, आता तुम्ही सांगा, आपला सांगलीचा आयर्विन पूल कितीचा?"

"१९२९."

"महिना?"

गाडीनं गिअर टाकला. मी दोन्ही हातांनी जोरात टाटा केला.