मयताला जाऊ द्यायचं की नाही

आमच्या नाशिकच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप आहे, एरवी त्यावर मिसळीचे फोटो आणि द्राक्षांचे भाव सोडून फार काही येत नाही, पण 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांत शिक्षा भोगणाऱ्या अबू सालेमच्या पॅरोलवरून, म्हणजे जेलमधून मिळणाऱ्या तात्पुरत्या सुट्टीवरून, जे पेटलंय ते विझायचं नाव घेत नाहीये. झालं असं की 2025 च्या नोव्हेंबरात त्याचा मोठा भाऊ वारला, घर तिकडे आझमगढला, हा आपल्या नाशिकरोडच्या जेलमध्ये, यानं चौदा दिवसांची रजा मागितली आणि सरकारनं हायकोर्टात सांगितलं की फार तर दोन दिवस, तेही पोलीस एस्कॉर्टमध्ये. झालं, लगेच "दोन दिवस तरी कशाला?", "93 ला 257 माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं?" वगैरे. मी इथून, इंग्लंडमधून, काही लिहायला गेलो तर एकजण म्हणतो, तुमच्या इंग्लंडमध्ये चालतात का असले लाड, तिथं बसून आम्हाला शिकवू नकोस.

चालतात. आणि ते लाड नाहीत.

आमच्या गल्लीत एक गुजराती काका आहेत, रिटायर झाल्यापासून इथल्या एका जेलमध्ये हिंदू कैद्यांसाठी चॅप्लन, म्हणजे जेलमधले धर्मगुरू, म्हणून जातात. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. कैद्याच्या घरी कोणी वारलं की घरचे जेलला फोन करतात, चॅप्लन आधी हॉस्पिटलला नाहीतर फ्युनरल डिरेक्टरला फोन करून बातमी खरी आहे का बघतो, मग त्या माणसाला बोलावून, बसवून सांगतो. जाऊ द्यायचं की नाही ते गव्हर्नर, म्हणजे इथला जेल अधीक्षक, ठरवतो, पळून जाईल का, तिथं कोणी दुश्मन येणार आहे का हे सगळं बघून. बहुतेकदा जातो तो दोन ऑफिसरच्या मधे, हातकडीत, क्रेमेटोरियमचा जो अर्ध्यापाऊण तासाचा स्लॉट तेवढा वेळ, नंतरच्या चहापाण्याला थांबायचं नाही, सरळ व्हॅनमध्ये. ज्याला सोडत नाहीत त्याला चॅपलमध्ये बसवून स्क्रीनवर लाइव्ह दाखवतात आणि काका शेजारी बसतात. 1982 साली क्रे बंधूंना, दोघांनाही खुनासाठी जन्मठेप, लंडनच्या ईस्ट एंडचे नामचीन गुंड, आईच्या अंत्यविधीला असंच पहाऱ्यात नेलं होतं. रस्त्यावर तोबा गर्दी झाली, पेपरवाले आले, पण म्हणून कोणी नियमच काढून टाकला नाही.

आता ग्रुपवरच्या त्याच माणसाला हेही माहीत असायला हवं की कागदावर आपला महाराष्ट्र इंग्लंडच्या पुढे आहे, आणि मला याचा इथं बसून अभिमान वाटतो. आपले फर्लो-पॅरोलचे नियम 1959 चे, त्यात 2018 ला दुरुस्ती झाली, आणि आता शिक्षा लागलेल्या कैद्याला (फाशीचे आणि परदेशी सोडून) घरात मृत्यू झाला तर चौदा दिवसांचा इमर्जन्सी पॅरोल मिळू शकतो. आई, वडील, नवरा-बायको, मुलं, भाऊ-बहीण, आणि आजी-आजोबासुद्धा, आईकडचे वडिलांकडचे दोन्ही. इथे आजीसाठी सहसा सोडत नाहीत, तिनंच वाढवलं असेल तर गोष्ट वेगळी. ज्यानं कोणी नियम लिहिला त्याला आपल्या घरात आजी म्हणजे काय हे ठाऊक होतं. चौदा दिवस म्हणजे तेरावासुद्धा त्यात बसतो. आणि 2024 मध्ये तर मुंबई हायकोर्टानं एका जन्मठेपेच्या कैद्याला मुलगा ऑस्ट्रेलियाला शिकायला निघाला म्हणून पॅरोल दिला, दुःखात जाता येतं तर आनंदात का नाही असं न्यायमूर्ती भारती डांगरे आणि मंजुषा देशपांडे यांचं म्हणणं. ही आपली कोर्टं आहेत, आणि आपलेच लोक त्यांना लाड म्हणतात, याचा मला राग येतो.

शाळेत टिळक पुण्यतिथीला आम्ही सगळ्यांनी भाषणं केली आहेत ना? 1912 मध्ये सत्यभामाबाई पुण्यात गेल्या तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, बातमी तारेनं कळली. मंडेलांची आई 1968 ला गेली, पुढच्या वर्षी मुलगा गेला, रॉबेन आयलंडवरून दोन्ही वेळा सोडलं नाही. हे वाचून आपला जीव कळवळतो तो ते मोठे होते म्हणून, असं कोणी म्हणेल. पण ती बाई गेली ती कोणाची तरी बायको म्हणून, आई म्हणून गेली, तिच्या चितेला काय माहीत आत बसलेला लोकमान्य आहे की चोर.

एका बाबतीत मात्र इंग्लंडची तुलना मी करणार नाही कारण ती लागूच होत नाही. इथे माणूस गेल्यावर अंत्यविधी दोन-तीन आठवड्यांनी होतो. कागद फिरायला, रिस्क बघायला, व्हॅन ठरवायला वेळ असतो. आपल्याकडे सकाळी गेला तर संध्याकाळी अमरधाम, मुसलमानांत तर त्याहून घाई. नागपूरच्या जेलमधला सिंधुदुर्गातला माणूस कसा पोचणार, अधीक्षकानं तासाभरात सही केली तरी तो पोचतो तेव्हा राख सावडून झालेली असते.

हे मला कोणी सांगायला नको. वडील गेले तेव्हा मी लेस्टरला होतो. तिकीट मिळेपर्यंत, मुंबईला उतरून कसारा घाट चढेपर्यंत बॉडी ठेवायची का असं धाकट्यानं विचारलं, बर्फ मागवतो म्हणाला, आणि आईकडे बघून मीच नको म्हणालो. त्यानं मडकं धरलं, त्यानं अग्नी दिला, मी इथे किचनमध्ये उभा राहून फोनवर बघितलं आणि मधेच नेटवर्क गेलं. मी पोचलो ते दहाव्याला, रामकुंडावर. मी कैदी नव्हतो, मला कोणीही अडवलं नव्हतं, परत यायची हमी माझ्याकडे कोणी मागितली नव्हती, आणि तरी घरात शिरल्यावर असं वाटलं की आता पाहुणा म्हणून आलोय. काकू म्हणाली, आलास बाबा, एवढंच, आणि मी रडलो ते त्या 'आलास'वर. माणूस कुठल्या घरचा आहे हे मयतातच ठरतं असं मला तेव्हापासून वाटतं. म्हणून "तू तिथं बसून" हे वाक्य मला एवढं लागतं. पासपोर्ट बदलला आहे माझा, मत देता येत नाही, मान्य आहे, पण या एका विषयात बोलायचा हक्क मी सोडणार नाही.

257 वाल्यांना मी गप्प बसवू शकत नाही आणि बसवायचं पण नाहीये. त्यांचं दुःख खरं आहे. पण शिक्षा सालेमला झाली आहे, आझमगढच्या घरात जे मागे राहिलेत त्यांना नाही. दोन दिवस, चार दिवस, हातकड्या, किती पोलीस, हे पोलिसांनी ठरवावं, धोका असेल तर कडक ठरवावं. सुब्रतो रॉय सहाराचं उदाहरण ग्रुपवर आलंच, 2016 ला आई गेली म्हणून चार आठवड्यांसाठी तिहारमधून बाहेर आले आणि मुदत वाढतच गेली. बरोबर आहे, तो पॅरोल वाढायला नको होता. मग वाढवू नका, आपल्या नियमातच लिहिलंय की इमर्जन्सी पॅरोल वाढवून मिळणार नाही.

पण खरा अन्याय कुठे होतोय ते कोणी बोलतच नाहीये. हा नियम शिक्षा झालेल्यांसाठी आहे. 2022 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगात दर चारातले तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, आणि त्यांना आईच्या मयतासाठी वकील गाठून कोर्टात जामीन मागावा लागतो. 2021 च्या मे महिन्यात दिल्ली दंगलीच्या केसमध्ये आत असलेल्या नताशा नरवालचे वडील कोविडनं गेले, दिल्ली हायकोर्टानं दुसऱ्याच दिवशी तिला सोडलं, म्हणजे मनात असेल तर होतं. पण ती आधीच त्यांना भेटायला सोडा म्हणत होती, तेव्हा नाही सोडलं. आणि भीमा कोरेगाव केसमध्ये अटक झालेल्या आपल्या नागपूरच्या वकील सुरेंद्र गडलिंगांची आई 2020 च्या ऑगस्टमध्ये गेली, खालच्या कोर्टानं अर्ज फेटाळला, मुंबई हायकोर्टानं सोडलं ते 2021 च्या ऑगस्टमध्ये, वर्षश्राद्धाला. भीमा कोरेगाव केसबद्दल तुमचं मत काहीही असू दे, आईसाठी एक वर्ष थांबायला लावणं हे कुठल्या कायद्यात बसतं?

वर एस्कॉर्टचा खर्च कितीदा तरी कैद्याच्याच डोक्यावर टाकतात, गाडी, पोलिसांचे पगार सगळं. ज्याच्याकडे आहेत तो भरेल. येवल्याच्या शेतमजुराच्या पोरानं कुठून आणायचे? माझं म्हणणं इतकंच आहे की कच्च्या कैद्यालाही जेल अधीक्षकालाच सोडता यावं, बातमी खरी ठरल्यावर काही तासांत, आणि पोलीस पाठवायचे असतील तर पैसे सरकारनं द्यावेत. ग्रुपवरच्या वकील मित्राला मी हे लिहून पाठवलंय, तो म्हणाला अधिवेशनाआधी आमदाराच्या कानावर घालतो. बाकीचे अजून सालेमवरच भांडतायत.