जूनमध्ये पैसे कुठून येणार, हे ॲपला कोण सांगणार?

पोरांना पैशाची शिस्त लागावी म्हणून हल्ली जी ॲप निघतात, ती बहुतेक एकाच प्रश्नाने सुरू होतात: महिन्याचा पॉकेटमनी किती? आमच्या देवगडकडच्या अकरावी-बारावीच्या पोराला हे विचारून बघा, तो आधी हसेल. ठरलेला पॉकेटमनी नोकरदारांच्या घरी. बाकीच्यांकडे पैसा येतो तो मोसमाने. काजू बी गोळा करून व्यापाऱ्याला घातली की येतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला गेलं की येतो. तारकर्लीकडच्या पोरांना मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांमुळे मिळतो. आणि गणपतीला आलेले मुंबईचे काका-मामा परत निघताना हातावर नोट ठेवतात, तेव्हा. मधल्या काळात खडखडाट.

माझं कॉलेजच्या रस्त्याला झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे, त्यामुळे तो खडखडाट काउंटरवरूनच दिसतो. मे अखेरीला पोरं जोरात असतात. मोबाइलचं नवं कव्हर, इअरफोन, मित्राला सोडा पाजणं. जूनच्या मध्यावर तीच पोरं "काका, दोन्ही बाजूंनी काढा, कागद कमी लागतलो" वर आलेली असतात. आणि खर्च उभे राहतात ते नेमके तेव्हाच: प्रवेश, पुस्तकं, रेनकोट, एसटीचा पास. (मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट, पोरांना सवलत असली तरी पैसे मोजावे लागतात.) ज्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी, त्याच्या घरी तर 1 जून ते 31 जुलै मासेमारीच बंद.

आता या पोराच्या हातात 50-30-20 चं गणित द्या. गरजेला पन्नास टक्के, हौसेला तीस, बचतीला वीस. मे महिन्यात ॲप हिरवंगार होऊन त्याची पाठ थोपटणार, जूनमध्ये लाल होऊन त्याला उधळ्या ठरवणार. पोराने बिघडवलं काहीच नाही, कमाईचा मोसम संपला एवढंच. दोन महिने लाल रंग बघितल्यावर तो ॲप काढून टाकतो, आणि मोठी माणसं म्हणतात, या पिढीला पैशाची किंमत नाही!

माझं म्हणणं एवढंच की हिशोब महिन्यावर बसवू नका, पुढच्या पैशावर बसवा. ॲप उघडल्यावर एकच ओळ दिसू दे: हातात 4000, पुढचा पैसा 100 दिवसांनी, म्हणजे दिवसाला 40 रुपये. बाकीचे रंगीत गोल तक्ते नंतर बघू.

हे पोरांना शिकवावं लागतं असंही नाही. 2025 च्या मे अखेरीस पेट्यांच्या कामावरून एक जण थेट दुकानात आला. हाताला अजून पेंढ्याचा वास. म्हणाला, "काका, 84 दिवसांचो मारा. मगे चतुर्थी इलीच." बरोबर होतं त्याचं. त्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती, रिचार्ज जेमतेम चार दिवस आधी संपणार होता. पण हाच अंदाज 2026 ला लावला तर फसतो, कारण अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला. रिचार्ज संपल्यापासून तीन आठवड्यांचा फरक, आणि तोही सगळ्यात कोरड्या काळात. कोकणातल्या पोरांसाठी ॲप करणाऱ्याने पंचांग आत घातलंच पाहिजे. शिवाय 28 दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा नाही, तेरा वेळा पडतं. महिन्यांच्या रकान्यात ते तेरावं कधीच दिसत नाही.

दुसरा मुद्दा आई-वडिलांच्या परवानगीचा. 2024 मध्ये यूपीआय सर्कल आलं, त्यात घरातल्या दुसऱ्या माणसाला आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देता येते. एका प्रकारात महिन्याला 15,000 पर्यंतची मर्यादा ठरवून मोकळं व्हायचं, दुसऱ्यात प्रत्येक व्यवहाराला खातेदाराने मंजुरी द्यायची. बऱ्याच पालकांना हा दुसरा प्रकार सुरक्षित वाटेल. पण बाप बोटीवर, बोट रेंजच्या बाहेर, आणि पोरगा माझ्या काउंटरवर बारा रुपयांच्या झेरॉक्ससाठी मंजुरीची वाट बघत उभा! अशाने पोराला हिशोब येत नाही, उधारी मागायची सवय लागते. छोटी रक्कम त्याच्या हाती पूर्ण सोडा, ती त्याने भज्यांवर उडवली तरी चालेल. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनेनुसार दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, आणि त्यात शिलकीपेक्षा जास्त पैसे काढता येत नाहीत (ओव्हरड्राफ्ट नसतो). म्हणजे बुडून बुडून किती बुडणार?

बचतीचं म्हणाल तर नमुना शोधायला लांब जायला नको. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे गोळा करून होणारी बचत, याच किनाऱ्यावरची, 1928 मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केलेली. माझ्या दुकानात पिग्मीवाला संध्याकाळी येतो, कारण गल्ल्यात पैसे तेव्हा असतात. महिनाअखेरीला आला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. ॲपनेही तसंच करावं. पेट्यांची मजुरी जमा झाली त्याच संध्याकाळी विचारावं: यातले जूनसाठी किती बाजूला ठेवू? आठवड्याने विचारलंत तर इअरफोन आलेले असतात.

आणि हो, रोख रक्कम लिहायला दोनच्या वर टिचक्या लागता कामा नयेत. काजूचा व्यापारी अजून नोटाच देतो. रेंज नसतानाही चाललं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. (हे वाचणाऱ्यांत बीएसएनएलवाले असतील तर त्यांना बरोबर कळेल.)

असं काही बनवणारं कोणी हे वाचत असेल तर कळवा. वापरून बघायला पोरं माझ्या दुकानात रोज येतात. फक्त चाचणी मे महिन्यात सुरू करून पंधरा दिवसांत गुंडाळू नका, चतुर्थीपर्यंत चालू ठेवा.