पीएस२ मध्ये चिप? माझ्याकडून तरी नाही

दिवाळीची साफसफाई जवळ आली की माळ्यावरचे पीएस२, म्हणजे सोनीचे जुने प्लेस्टेशन २ गेम कन्सोल, खाली उतरतात आणि माझा इनबॉक्स भरतो. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, माणूस कुठलाही असो, प्रश्न एकच: "दादा, चिप मारून मिळेल का?"

चिप म्हणजे कॉपी केलेली डिस्क चालावी म्हणून मशीनच्या आत बसवायचा बारका तुकडा. सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. नाही. सोल्डरिंगचा कंटाळा आलाय म्हणून नव्हे, ते अजून आवडीने करतो. पण चिप जी अडचण सोडवायची ती आता तुमची अडचण राहिलेलीच नाही. तुमची खरी अडचण आहे डिस्क वाचणारी लेसरची लेन्स. आणि चिप लेन्सचं काहीही भलं करत नाही, उलट तिला जास्त राबवते.

चिप करते काय, हे बसवून घेतलेल्यांनाही बहुतेक वेळा माहीत नसतं. पीएस१, म्हणजे पहिल्या प्लेस्टेशनपासून सांगतो, कारण तिथे गोष्ट स्वच्छ दिसते. ओरिजिनल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ट्रॅक मुद्दाम नागमोडी पाडलेला असतो आणि त्या वळणांत चार अक्षरं लपवलेली असतात. जपानच्या डिस्कवर एससीईआय, अमेरिकेच्या एससीईए, युरोपच्या एससीईई. आपला सीडी रायटर डेटा लिहितो, पण कोऱ्या सीडीवरची खोबण कारखान्यातूनच पडून आलेली असते, ती काही त्याला वाकवता येत नाही. त्यामुळे कॉपी शेवटच्या बिटापर्यंत बरोबर असली तरी मशीन तिला हुंगून बाजूला ठेवतं. चिप म्हणजे आठ पायांचा बारका मायक्रोकंट्रोलर, त्या काळात बहुधा पिक १२सी५०८. तो ती चार अक्षरं मशीनला स्वतःच पुरवतो. गेटवरच्या वॉचमनला आतूनच कोणीतरी "आपलेच पाहुणे आहेत, सोडा" असं सांगत राहावं, तसं. पुढे गेमवाल्यांनीही डोकं लावलं. जिथे ही अक्षरं यायला नकोत तिथेही ती येतायत का, हे गेमच तपासायला लागला आणि आली की पडद्यावर इशारा देऊन अडून बसायला लागला. मग सुरुवातीला एकदा अक्षरं देऊन गप्प बसणाऱ्या चिपा आल्या. दोन्हीकडच्या इंजिनिअर लोकांचं मला कौतुकच वाटतं.

पीएस२ मध्ये हे काम फार वाढलं. काही चिपांना वीसच्या वर तारा. त्यातल्या काही थेट आयसीच्या पायांवर, जिथे दोन पायांमधली फट डोळे बारीक करून शोधावी लागते. मध्यंतरी एक स्लिम, म्हणजे पीएस२ चं नंतरचं पातळ मॉडेल, उघडली. मालकाचं निदान पक्कं होतं: "लेन्स गेलीय, कधी घेते कधी नाही." पत्रा काढला तर आत जुनी चिप. केसाएवढ्या इनॅमलच्या तारा सेलोटेपने दाबलेल्या, टेप वाळून पिवळी पडून सुटलेली, सोल्डरिंगला लावलेलं फ्लक्स कधी पुसलेलंच नाही म्हणून बोर्डावर तपकिरी चिकटा. एका तारेवर पत्र्याची कड बसून इनॅमल घासलं होतं. मशीन हललं की ती तार पत्र्याला टेकायची आणि मशीन सुरू होतानाच अडकायचं. लेन्स बिचारी ठणठणीत होती. ते काम करणारा अडाणी नव्हता, त्याचे टाके बघून कळतं. पण एवढ्या तारा एवढ्याशा डब्यात कोंबल्यावर दहा-पंधरा वर्षांनी काहीतरी सुटणारच. मी सगळ्या तारा काढल्या, बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुतला, मशीन पुन्हा जसं होतं तसं चालू लागलं. एक पॅड (टाका बसतो ती तांब्याची टिकली) मात्र तारेबरोबर उखडून आलं, ते काही परत बसत नाही.

आता लेन्सचं. कारखान्यातली डिस्क छापलेली असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर. आपण राईट केलेल्या डिस्कवर रंगाचा थर असतो आणि त्यावरून प्रकाश कमी परततो. लेसरला ते वाचायला जास्त धडपड करावी लागते. नवीन मशीन ते सहन करतं, म्हातारं मशीन नाही करत. मग "डिस्क घेत नाही" म्हणून गावातला मेकॅनिक काय करायचा? लेन्सच्या बाजूचा बारका पॉट, म्हणजे करंट कमी-जास्त करायचा स्क्रू, किंचित फिरवायचा. लेसरला जास्त करंट. गिऱ्हाईक खूश, गेम धडाधड चालू. वर्षभरात लेन्स कायमची आंधळी. सांगलीत असे पॉट फिरवलेले किती पीएस२ असतील देव जाणे, माझ्याकडे आलेले तरी बरेच आहेत. चिपने परवानगी मिळवून दिली, पण डिस्क वाचायची लेन्सलाच. हा मुद्दा कोणी सांगत नाही.

चिपऐवजी दुसरा रस्ता आहे सॉफ्टवेअरचा, तो डिस्कलाच बाजूला ठेवतो. २००८ च्या सुमाराला फ्री मॅकबूट नावाचं सॉफ्टवेअर आलं. सोनीने पीएस२ मध्ये एक सोय ठेवली होती: सुरू होताना मशीन मेमरी कार्डावर सिस्टिम अपडेट आहे का बघतं आणि असलं तर आधी ते चालवतं. फ्री मॅकबूट त्या जागी जाऊन बसतं. बोर्डाला हात नाही, तार नाही, स्क्रूसुद्धा काढायचा नाही. कार्ड काढलं की मशीन पुन्हा कारखान्यातून आल्यासारखं. एक अट आहे, कार्डात मॅजिकगेट, म्हणजे सोनीची सुरक्षेची सोय, पाहिजे. बाजारातली काही स्वस्त नकली कार्डं इथेच मान टाकतात. त्या कार्डावरून ओपन पीएस२ लोडर हा गेम सुरू करणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि गेम पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा घरच्या नेटवर्कवरून घ्यायचा. लेन्स झोपलेली असली तरी चालते, मेलेली असली तरी चालते. माझ्या मते या एका गोष्टीपुढे बाकीचा वाद संपतो.

तरी "डिस्कवरून चालतो तसाच चालतो का?" असं कोणी विचारलं तर सरळ हो म्हणणार नाही. पीएस२ ची यूएसबी १.१ आहे, सेकंदाला जेमतेम एक एमबी मिळतो. डीव्हीडी त्याच्या कितीतरी पट वेगाने डेटा देते. म्हणून पेन ड्राइव्हवर गेम चालतो, पण मधले व्हिडिओ अडखळतात, आवाज पुढे आणि तोंड मागे. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर चार जीबीच्या वरच्या फाइलचे तुकडे करावे लागतात, तो एक वेगळा वैताग. जाडा पीएस२ असेल तर नेटवर्क अडॅप्टर लावून मागच्या कप्प्यात हार्ड डिस्क घाला, प्रश्न मिटला. स्लिमला लॅनची वायर लावा. मेमरी कार्डाच्या खाचेत एसडी कार्ड बसवायचा अडॅप्टरही आता मिळतो, तो यूएसबीपेक्षा बरा. काही गेम कुरकुर करतात, त्यांना सेटिंग बदलून बघावं लागतं. चिपवाले इथे छाती पुढे काढून सांगतात की आमच्याकडे सगळं चालतं. चालतं की! पण लेन्स आहे तोवर.

बॅकअप लागतो कशाला, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर गावभागात एका मित्राच्या गच्चीवर आम्ही त्याच्या डिस्का वाळत घातल्या होत्या. तिथे मी एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. पीएस२ च्या डीव्हीडी नळाखाली धुतल्या, मऊ फडक्याने मधून बाहेर पुसल्या आणि बऱ्याच वाचल्या. पीएस१ च्या काळ्या सीडी मात्र गेल्या. कारण डीव्हीडीत डेटा दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मधोमध असतो. सीडीत तो वरच्या बाजूला, चित्राच्या लगेच खाली, त्यावर फक्त लाखेचा पातळ थर. भिजलेला कव्हरचा कागद चित्राला चिकटला होता. तो ओढला तर कागदाबरोबर चित्र आणि चित्राबरोबर चंदेरी थर सोलून आला. डिस्क उजेडात धरली तर पलीकडची पाण्याची टाकी दिसायची. लोक आयुष्यभर खालच्या बाजूला ओरखडा पडू नये म्हणून जपतात आणि वरच्या बाजूवर स्केच पेनने नाव लिहितात.

मित्राच्या त्या डिस्कांत 'देसी अड्डा' या गेमची डिस्क होती. २००९ ची, हैदराबादच्या गेमशास्त्रने केलेली, कबड्डी आणि पतंगबाजीवाली. गेम म्हणून ठीकठाकच, खोटं कशाला बोलू. पण पीएस२ चं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबलं. अशा गेमची नवी डिस्क आता कुठला कारखाना छापणार? ज्याच्याकडे आहे त्याने त्याची इमेज, म्हणजे फाइलरूपातली हुबेहूब प्रत, काढून दोन जागी ठेवली नाही, तर आपल्याकडच्या मोजक्या कन्सोल गेमपैकी हा एक संपला म्हणून समजा.

कायद्याचं विचारणारे पुष्कळ असतात, बहुधा गेम फुकट मिळाल्यानंतर. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सोय आहे: कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याने नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप काढला तर तो गुन्हा नाही. म्हणजे डिस्क तुमची पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं. हक्क मोडण्याच्या हेतूने हक्क राखायला लावलेलं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात माझा सगळ्यात आवडता भाग आहे: दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कशासाठी तोडलं याची पूर्ण नोंद ठेवायची. अरे मर्दा, म्हणजे चिप मारणाऱ्या प्रत्येक दुकानात लाल कापडाची चोपडी पाहिजे होती! मला तर त्या धंद्यात कुणाची पावतीसुद्धा बघितल्याचं आठवत नाही. ऑस्ट्रेलियात हाच वाद थेट हायकोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सिडनीत चिपा विकणाऱ्या स्टीव्हन्सवर सोनीने दावा लावला आणि २००५ मध्ये स्टीव्हन्स जिंकला. कोर्टाचं म्हणणं असं की सोनीचं कुलूप कॉपी करण्यापासून अडवत नाही, ते फक्त आधीच झालेली कॉपी चालू देत नाही. मुद्दा बिनतोड. पुढे त्यांनी कायदाच बदलला.

आणि हो, त्या काळात गावात फिरणाऱ्या डिस्का कुणाचा बॅकअप नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पुण्या-मुंबईहून आलेली एक प्रत आणि तिची पिलावळ. ओरिजिनलच्या किमती आपल्या घरात परवडणाऱ्या नव्हत्या हे खरं, पण म्हणून त्याला आता कायद्याचा मुलामा नको. इंटरनेटवरून गेमांनी भरलेली हार्ड डिस्क करून द्या म्हणणाऱ्यांनाही माझा नकारच आहे. डिस्क आणा, तुमच्यासमोर इमेज काढून देतो.

चिपवाल्यांची एक गोष्ट मात्र मानावी लागते. सॉफ्टवेअरचा रस्ता कंपनीच्या चुकीतून जातो आणि कंपनी चूक सुधारू शकते. पीएस३ चंच बघा. २००६ मध्ये आलेलं मशीन, चार वर्षं जवळपास अभेद्य. २०१० च्या एप्रिलमध्ये सोनीने त्यातली लिनक्स टाकायची सोय काढून घेतली आणि हौशी मंडळी चवताळली. त्याच डिसेंबरात बाहेर आलं की सॉफ्टवेअर सोनीचंच आहे हे दाखवणाऱ्या प्रत्येक डिजिटल सहीसाठी नवा आकडा घ्यायचा असतो तिथे सोनीने दर वेळी तोच आकडा वापरला होता. दोन सह्या शेजारी ठेवल्या की गुप्त किल्ली साध्या बीजगणिताने निघते. असं नशीब रोज उघडत नाही. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलमध्ये २०१८ ला सापडलेली चूक प्रोसेसरच्या आतल्या न पुसता येणाऱ्या भागात होती, म्हणून विकलेली मशीनं निन्टेन्डोला सुधारता आली नाहीत. नंतरची मशीनं मात्र सुधारून आली आणि तिथे पुन्हा चिपच लागते, तीही प्रोसेसरला लागून. नव्या, चालू मशीनमध्ये चिपची बाजू अजून मजबूत आहे. ते काम मी करत नाही. लहान पोरांची महागडी मशीनं, एक टाका चुकला की बापाला काय सांगायचं? वर ऑनलाइन बॅन होतं ते वेगळंच.

पण मेलेल्या मशीनच्या चुका कोण सुधारणार? पीएस२ ला आता अपडेट येत नाही, आणि सापडलेली प्रत्येक फट कायमची उघडी आहे. २०२० मध्ये तर डीव्हीडी प्लेअरमधली चूक सापडली आणि राईट केलेली डिस्क घालूनच आत शिरता यायला लागलं. पीएस१ लाही २०२१ पासून टोनीहॅक्स ही तशीच सॉफ्टवेअरची युक्ती आहे. तिथे डिस्क लागतेच, पण सोल्डरिंग आयर्न नाही.

तेव्हा मशीन घेऊन यायच्या आधी एवढं करा. पीएस२ उलटा करा, मागच्या स्टिकरवर एससीपीएच लिहिलंय त्याच्या पुढचा आकडा वाचा आणि मला कळवा. ९०००० च्या मालिकेतल्या शेवटच्या मशीनांत सोनीने मेमरी कार्डाचा तो रस्ता बंद केलाय, त्यांच्यासाठी ओपनट्यूना या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं वेगळं कार्ड करावं लागतं. बाकीच्यांना फ्री मॅकबूट. आत आधीच चिप असेल आणि मशीन नीट चालत असेल तर उघडूच नका. रिमोट आणि ॲडॅप्टर बरोबर आणा, लोक हमखास विसरतात. रविवारी मी घरीच असतो.