रिकामी काळीपिवळी

विदर्भात प्लास्टिकच्या छोट्या गाडीला रंग द्यायचा मोसम कोणता? कोणताच नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की स्प्रेगनमधून निघालेला रंग गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि बॉनेटवर रव्यासारखा जाऊन बसतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा लॅकरमध्ये शिरतो आणि काळाकुळकुळीत रंग पांढुरका पडतो. राहिला हिवाळा. हवा कोरडी, ऊन सोसवणारे, सगळे उत्तम. पण नेमका तेव्हाच कापूस घरात येतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि ओल्या रंगावर कापसाच्या तंतूइतका जीव दुसरे कोणी टाकत नाही. चिमट्याने तंतू उपटत बसलो की माय दारातून विचारते, "अजून वेचनीच चालू हाये काय तुही?"

तरीही मी काळीपिवळी बनवली. आमच्याकडे तालुक्याला सीट भरून नेणाऱ्या त्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या असतात ना, त्यातली एक, १:२४ प्रमाणात. म्हणजे चार मीटरची गाडी सोळा-सतरा सेंटीमीटरमध्ये. तयार किट मला कुठे सापडला नाही, म्हणून प्लास्टिकच्या शीट कापून सगळी अंगाने उभी केली. हे प्रमाण तसे सोयीचे आहे. फुटाला अर्धा इंच धरायचा, की सुताराच्या पट्टीवरही हिशोब जमतो.

मापे मात्र खऱ्या गाडीची घ्यावी लागतात. जपानच्या तामिया कंपनीच्या मालकाने पोर्शच्या ९३४ या रेसच्या गाडीचे मॉडेल काढायचे म्हणून खरी पोर्श ९११ विकत घेऊन सुटी केली होती; परत जोडताना पोर्शच्याच माणसांना बोलवावे लागले. माझा तो खर्च वाचला. आमच्या स्टँडवर कुठली ना कुठली काळीपिवळी कायम सुटीच असते. मी टेप घेऊन खाली वाकलो, तसा डायवर चहा टाकून धावत आला.

"सर, फायनान्सवाल्यानं धाडलं काय तुम्हाले?"

अशा छोट्या मॉडेलांची स्पर्धा तालुक्याच्या मंगल कार्यालयात होती. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलो. सगळा रस्ता खोदून ठेवलेला. शेजारच्या काकांनी डबा उघडायला लावला, आत पाहिले, आणि जो प्रश्न पुढे दिवसभर माझ्या मागे लागणार होता तो विचारला.

"चालते काय?"

"नाही."

"मंग कायले बनोली?"

आता याला काय सांगणार? आमच्या भागात वस्तू चालत नसेल तर ती एकतर नादुरुस्त असते किंवा सरकारी.

मंगल कार्यालयात बिछायत केंद्राची टेबले मांडून त्यांवर पांढरी चादर अंथरली होती. चादरीवर हळदीचा डाग होता; संयोजकांनी त्यावर बरोबर एक ट्रक ठेवला. प्रमुख पाहुणे उशिरा आले. छोट्या गाड्यांमुळे पेट्रोलची बचत होते, असे बोलून ते कापसाच्या भावावर घसरले आणि तिथून शेवटपर्यंत हलले नाहीत. हार, नारळ, फोटो. एका व्यापाऱ्याच्या मुलाने दुकानातून आणलेली लाल रंगाची, १:१८ ची धातूची गाडी आणली होती. तिची दारे उघडत, स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळत. ती स्पर्धेत नव्हती, नुसती दाखवायला ठेवली होती. पण सगळी पोट्टी तिलाच लटकली.

मग नागपूरहून आलेले परीक्षक निघाले, हातात छोटा टॉर्च. या स्पर्धांमध्ये गाडी किती देखणी यापेक्षा जोडकाम किती नेटके हे आधी पाहतात. दोन भागांच्या जोडाची रेघ दिसते का, काचेवर गोंदाचे बोट उमटले आहे का, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत आलाय का (नागपूरच्या माणसाला हे कोणी शिकवायला नको), आणि चारही चाके टेबलाला टेकतात का. ते वाकून चाकाखाली कागदाचा कपटा सरकवत. माझ्या गाडीचे मागचे चाक अधांतरी निघाले. शेजारच्या गाडीचेही. पलीकडच्याचेही. शेवटी टेबलालाच पोक असल्याचे लक्षात आले आणि बिछायतवाल्याला हाक गेली. तो म्हणाला, "लग्नात याच टेबलावर कढई ठेवते, कोनी काई बोलत नाही."

टेबल बदलले. परीक्षकांनी माझ्या गाडीवर टॉर्च मारला, मान तिरकी केली.

"काम छान आहे हो, पण धूळ प्रमाणात नाही."

"धूळ खरी आहे," मी म्हणालो. ती एसटीच्या खिडकीतून आली होती आणि डब्याच्या झाकणाच्या फटीतून शिरली होती.

"खरी आहे, म्हणूनच. अर्ध्या मिलिमीटरचा कण चोवीसपट करा. बारा मिलिमीटर. ही धूळ नाही, ही गिट्टी आहे."

गणित बिनचूक होते. धूळ दाखवायची तर रंगीत खडू उगाळून त्याची पूड मऊ ब्रशने लावतात, हे मलाही ठाऊक आहे. पहिले बक्षीस तशाच खडूच्या धुळीने माखलेल्या एका रॅलीच्या गाडीला गेले. ती गाडी फ्लॅटमध्ये जन्मली, काचेच्या पेटीत वाढली आणि कारमध्ये बसून आली.

पण खरी तपासणी त्यानंतर झाली. बाजाराचा दिवस होता. स्टँडवरचे दोन-तीन डायवर आत डोकावले आणि माझ्या गाडीभोवती गोळा झाले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, "सर, एवढी रिकामी काळीपिवळी म्या जनमात नाही पाह्यली."

"मागं कोनी लटकून नाही," दुसरा.

"टपावर बकरी नाही. डायवरच्या उजव्या बाजूनं सीट नाही."

"उजव्या बाजूने दार आहे," मी म्हणालो.

"तेच सांगून रायलो. दार अन् डायवर, याच्या मधात एक सीट असते."

तेवढ्यात शेवटची एसटी निघून गेली. परत जायला याच लोकांची गाडी. डबा मांडीवर घेऊन बसलो, तर डायवर म्हणे डबा टपावर टाका, नाहीतर त्याची सीट द्या लागन. मी म्हणालो, गाडी १:२४ आहे, चोविसावा हिस्सा घ्या. आकारमानाने हिशोब केला तर १३,८२४ वा हिस्सा होतो, पण मी लांबीवरच थांबलो. त्याने ऐकून घेतले, तंबाखू मळली, आणि पूर्ण सीटचेच पैसे मागितले. टपावर बकरी होती. मी दिले.

पैसे खिशात घातल्यावर त्याने तो डबा उचलून परत माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या सीटवर आणखी एक माणूस बसवला.