गाण्यांच्या सगळ्या काळ्या तबकड्या विनाइलच्या (म्हणजे एका प्लास्टिकच्या) नसतात, स्पिरिट लावू नका!

दोन दिवसांपासून ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की जुनी रेकॉर्ड सर्जिकल स्पिरिटनं पुसली की नव्यासारखी वाजते. अर्धं खरंय, पण उरलेलं अर्धं तुमची रेकॉर्ड खाऊन टाकंल. छत्रपती संभाजीनगरात जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात भंगारात मिळतात त्यातल्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या बहुतेक शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमधे विरघळते, आपला सुतार पॉलिश तसंच तर बनवतो ना! पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या १९७३च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’सारखी एलपी (हळू फिरणारी, जास्त वेळ वाजणारी तबकडी) मात्र विनाइलची, तिला स्पिरिटचा तसा त्रास नाही, फक्त मधल्या कागदी लेबलला लागू देऊ नका.

आता कुणी म्हणंल रॉक म्हणजे विनाइलच की, तर नाही बरं का, साठच्या दशकात बीटल्स या रॉक बँडच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आपल्याकडं शेलॅकवर निघाल्यात (आज जगभरचे शौकीन त्या शोधत फिरतात). म्हणून आधी लेबल वाचा. ७८ लिहिलेलं असंल, हाताला जड लागली, तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर भांड्याचा साबण अन् मऊ फडकं, तेही खाचेच्या दिशेनं गोल फिरवत. अन् वाजवताना एलपीची बारीक सुई ७८ च्या तबकडीवर चालत नाही, तिची सुई वेगळी येते.