भाड्याएवढी विक्री झाली म्हणजे बरोबरी झाली?

बेळगाव-खानापूर भागात नवे दुकान थाटणाऱ्याला व्हॉट्सॲपवरून हमखास मिळणारा सल्ला असा : भाडे, पगार आणि वीजबिल यांच्या बेरजेइतकी विक्री झाली की दुकान ‘ना नफा ना तोटा’ या बिंदूवर आले, त्यापुढचा प्रत्येक रुपया निव्वळ नफा, आणि तिथे लवकर पोहोचायचे तर भाव उतरवून खप वाढवावा.

पहिले विधान कुंद्याच्या, म्हणजे बेळगावच्या प्रसिद्ध दुधाच्या मिठाईच्या, हिशेबावर तपासू. समजा, कुंदा 400 रुपये किलोने विकला जातो. दूध, साखर, गॅस आणि खोके मिळून किलोमागे 280 रुपये जातात आणि महिन्याचा बांधीव खर्च, म्हणजे खप कितीही झाला तरी द्यावाच लागणारा भाडे-पगारासारखा खर्च, 60,000 रुपये आहे. सल्ल्यानुसार 150 किलोंवर बरोबरी झाली. प्रत्यक्षात त्या 150 किलोंच्या मालावरच 42,000 रुपये गेलेले असतात, बांधीव खर्चासाठी उरतात जेमतेम 18,000, आणि बरोबरी झाली असे समजणारा मालक 42,000 रुपयांच्या तोट्यात असतो. बांधीव खर्च भागतो तो विक्रीतून नव्हे, तर किलोमागे उरणाऱ्या 120 रुपयांतून. म्हणून खरी बरोबरी 500 किलोंवर, म्हणजे 2 लाखांच्या विक्रीवर होते.

दुसरे विधान यातच निकालात निघते : 501वा किलो नफ्यात 120 रुपयांची भर घालतो, 400 ची नाही.

तिसरे मात्र सर्वांत घातक. भाव दहा टक्क्यांनी उतरवून 360 केला की किलोमागे 80 रुपयेच उरतात आणि बरोबरीसाठी 750 किलो विकावे लागतात. दहा टक्के सवलतीपोटी दीडपट खप! दिवाळीत तो होईलही. आषाढात कोण घेणार? शिवाय एवढ्या मालासाठी आणखी एक आचारी ठेवावा लागला, तर बांधीव खर्चही वाढतो.

वीजबिल सरसकट बांधीव धरणेही बरोबर नाही. इथे वीज पुरवणाऱ्या हेस्कॉम कंपनीच्या बिलात स्थिर आकार वेगळा आणि वापरलेल्या युनिटांचा आकार वेगळा असतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्याला (धातू ओतणाऱ्या कारखानदाराला) हे सांगावे लागत नाही, कारण भट्टी थंड असली तरी स्थिर आकार चुकत नाही.

आणि गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्या मालकाचा स्वतःचा पगार? तो या सल्ल्यात कुठेच नाही. महिना 15,000 रुपये जरी धरला, तरी मूळ भावातलीच बरोबरी 500 वरून 625 किलोंवर जाते.